माझं नाव पुढे करू नकोस

कर्वेनगर, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू शेजारच्या खोलीत झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितोय. समोरासमोर बोलायला बसलो की माझा आवाज चढतो, तू गप्प होतेस आणि विषय तिथेच राहतो. या विषयाचं तसं व्हायला नको. सकाळी हे तुझ्या लॅपटॉपखाली ठेवून पहिल्या पाळीला जाईन.

काल संध्याकाळी टेकडीवरून आलो तेव्हा दार उघडंच होतं. तू आईला सांगत होतीस, "बाबांची शुगर अशी वर-खाली होत असते, मी एवढ्या लांब कशी जाऊ?" मी बूट काढत होतो. तिथेच स्टुलावर बसून राहिलो. तुम्हाला वाटलं दमलोय.

मुक्ता, मला शुगर होऊन नऊ वर्षं झाली. सकाळी गोळी, रात्री गोळी, तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, रोज म्हातोबाच्या टेकडीची चढ-उतार. सगळं सुरळीत चाललंय. तू गुवाहाटीला शिकायला गेलीस म्हणून ती वाढणार नाही आणि इथे राहिलीस म्हणून उतरणार नाही. हे तुलाही माहीत आहे, कारण माझे रिपोर्ट तूच वाचून दाखवतेस. तरी ते वाक्य तुझ्या तोंडून आलं. आणि मला धस्स झालं, कारण तेच वाक्य मी एकदा बोललोय. फक्त आजारी माणूस दुसरं होतं.

१९९६ सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. औंधच्या आयटीआयमधून टर्नर होऊन भोसरीला लागलो त्याला बरीच वर्षं झाली होती. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, माझा हात चांगला बसला होता. कंपनीने नवीन प्रकारच्या मशीन घ्यायचं ठरवलं आणि दोन जणांना सहा महिने कोइंबतूरला शिकायला पाठवणार होते. फोरमनने माझं नाव सुचवलं. मला तमिळ येत नव्हतं, इंग्रजीत एक वाक्य धड जुळत नव्हतं. पुण्याबाहेर म्हणजे आळंदी, पंढरपूर आणि दोनदा मुंबई, एवढाच माझा प्रवास. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जाऊन सांगितलं, "साहेब, आईला बरं नसतं. घरी दुसरं कोणी नाही."

तुझी आजी तेव्हा ठणठणीत होती. शुक्रवार पेठेतल्या वाड्यातून रोज मंडईत जायची, दोन पिशव्या भाजी आणायची आणि लाकडी जिना न थांबता चढायची.

त्या वर्षी गणपतीत फोरमन दर्शनाला घरी आले. आजीने त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. ते म्हणाले, "आता कशी आहे तब्येत? मुलाने तुमच्यासाठी एवढी मोठी संधी सोडली." आजीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "आता बरी आहे." ते जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर आरतीचं ताम्हन पुसताना म्हणाली, "माझं नाव पुढे करायचं होतं, तर मला विचारायचं होतंस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी आजही कुठे ताम्हन घासल्याचा आवाज ऐकला की मला ते वाक्य ऐकू येतं.

मी गेलो नाही म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. नोकरी राहिली, लग्न झालं, तू झालीस. न जाण्याची किंमत कोणी येऊन मागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की ती फुकटच पडली. माझ्या जागी गेला तो मित्र परत आला तेव्हा ड्रॉइंग हातात घेऊन साहेबांशी ज्या पद्धतीने बोलायचा, ते मी लांबून पाहायचो. त्याचं भलं झालं याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण मला काय जमलं असतं आणि काय नसतं, ते मला कधी कळलंच नाही.

आता तुझ्याकडे येतो. पुढच्या प्रवेशासाठी गेट परीक्षेचा अभ्यास तू दीड वर्ष केलास. हिंजवडीहून आठला घरी यायचीस, जेवायचीस आणि बारापर्यंत पुस्तक. तो अभ्यास मी डोळ्यांनी पाहिलाय. गुवाहाटीच्या आयआयटीची ऑफर आली त्या दिवशी तू मला ते पोर्टल उघडून दाखवलंस. तीन पर्याय होते. ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट. तू मधला निवडलास, म्हणजे जागा राखून पुढची वाट बघायचा. मी विचारलं, वाट कशाची? तू म्हणालीस, मुंबईचं बघू. पण मुंबईला मागच्या वर्षी कितीवर यादी बंद झाली हे त्याआधी तूच मला दाखवलं होतंस, आणि तुझा स्कोअर तिथपर्यंत पोचत नाही हेही तूच सांगितलं होतंस. मग ती वाट मुंबईची नव्हती, मुक्ता. गुरुवारी ही फेरी बंद होते. त्याच्या आत कोणीतरी तुझ्या हातून निर्णय काढून घ्यावा अशी ती वाट होती. आणि काल त्या कोणीतरीच्या जागी तू माझी शुगर बसवलीस.

तुझ्या ऑफिसात कम्फर्ट झोनवर व्याख्यान झालं होतं, ते तू जेवताना सांगितलं होतंस. त्या माणसाने म्हणे सगळ्यांना टेबलावर उभं राहून गाणं म्हणायला लावलं. मला ते पटलं नाही. लाज वाटेल असं काहीतरी करून माणूस वाढत नाही. तुला जे करायचं आहे त्याच्या वाटेत भीती उभी असेल, तर तिच्याकडे बघायचं. वाटेत नसलेल्या भीतीला मुद्दाम शोधत कशाला जायचं? म्हणून मी तुला गुवाहाटी लांब आहे म्हणून जा असं म्हणत नाही. तुला पुढे शिकायचं आहे, हे तू बारावीपासून बोलत आलीस. त्या शिकण्याच्या आड फक्त अंतर आलंय.

आणि भीती जाते कशी, ते मला उशिरा का होईना कळलं. ते सांगतो.

२००९ साली तू दुसरीत होतीस. कंपनीने जुने लेथ भंगारात काढले आणि त्या जागी सीएनसी, म्हणजे आकड्यांचा प्रोग्राम लिहून चालवायच्या मशीन, आणल्या. ज्या लेथवर मी वीस वर्षं काम केलं, तो क्रेनने उचलताना मी बघत होतो. साहेबांनी विचारलं, पॅकिंगला जातोस की शिकतोस? या वेळी आईचं नाव घ्यायची सोय नव्हती, ती तोवर गेली होती. मी म्हणालो, शिकतो.

शिकवणारा मुलगा तुझ्या आजच्या वयाचा. तेवीस. मला काका म्हणायचा. लेथवर माणसाचा हात हँडलवर असतो, कट कसा लागतोय ते तळव्याला कळतं, बारीक थरथर झाली की आपण आपोआप हात आवरतो. सीएनसीत दरवाजा बंद. आत कूलंटचा फवारा, काही दिसत नाही. हाताला काम उरत नाही, बोट फक्त बटणावर. आकडे लिहायचे आणि मशीन ते शब्दशः पाळणार. मला वाटायचं माझे हातच कोणी काढून घेतलेत.

पहिला प्रोग्राम मी स्वतः लिहिला तेव्हा टूल जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, तोंडापासून दोन मिलीमीटर अलीकडे आणून उभं करायचं होतं. मी लिहिलं झेड २. आमच्या त्या मशीनवर टिंब दिलं नाही तर आकडा मिलीमीटरच्या हजाराव्या भागात धरला जातो. म्हणजे दोन मिलीमीटरऐवजी दोन मायक्रॉन. जॉबच्या तोंडावर अजून दीड मिलीमीटर माल काढायचा होता. सायकल स्टार्ट दाबलं, टूल भर वेगात आलं आणि आत धाडकन आवाज झाला. टिप फुटली. सगळी लाइन वळून बघायला लागली. माझे पाय लटपटत होते, मुक्ता, एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचे. तो मुलगा आला, स्क्रीन बघितला आणि एवढंच म्हणाला, "काका, पॉइंट राहिला." नवीन टिप लावली आणि म्हणाला, "आता सिंगल ब्लॉकवर घ्या. एकेक ओळ चालवा. फीड अगदी कमी ठेवा. बोट होल्डवर."

एकेक ओळ. मशीन एक ओळ चालवतं आणि थांबतं. आपण बघायचं, बरोबर आहे ना, मग पुढची. मी त्या दिवशी घाबरलेलाच होतो आणि त्यानंतर बरेच दिवस घाबरलेला होतो. पण पुढची ओळ वाचण्यात लक्ष असलं की भीतीकडे बघायला सवड मिळायची नाही. हळूहळू तळव्याला कळायचं ते कानाला कळायला लागलं. आता दरवाजा बंद असला तरी कट बिघडला की मला बाहेरून ऐकू येतं. मला करायचा होता तो बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, तीस मिलीमीटर व्यासाचा होता, वर शून्य, खाली एकवीस मायक्रॉन एवढीच मुभा. ज्या दिवशी माझ्या प्रोग्रामचा पहिला जॉब मायक्रोमीटरमध्ये २९.९९ आला, तो मी रुमालात गुंडाळून घरी आणला होता. देवघरात पितळी नंदीशेजारी तू इतकी वर्षं जे "बाबांचं लोखंड" पुसतेस, ते ते आहे.

तेव्हा रात्री मी याच टेबलावर ग्राफ पेपरवर जॉबचे आकार काढायचो, एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी. तू शेजारी बसून चौकोन रंगवायचीस. ती वही अजून आहे. तुझा पिवळा खडू अजून पानाला लागलेला आहे. तू मेकॅनिकलला का गेलीस असं लोक विचारतात तेव्हा मला ते पान आठवतं.

आणखी एक. आपण ज्या कर्वेनगरात राहतो ते जुनं हिंगणे, हे तुला शाळेत शिकवलंय. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो इथे हिंगण्याच्या माळावर आणला. कर्व्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांच्या मेहुणीची जास्त आठवण येते. पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या. ऐन विशीत विधवा झाल्या, पदरी लहान मुलगा. पुण्याला बहिणीकडे आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पंचविशी उलटल्यावर अक्षरं गिरवली. आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवला. आणि १९१८ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन बोटीने अमेरिकेला गेल्या. कशासाठी? इंग्रजी शिकायचं आणि आश्रमाला मदत मिळवायची. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. सोवळ्यात वाढलेली बाई. दोन वर्षांनी परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. त्या संस्थेच्या दारावरून तू रोज स्कूटर नेतेस. त्यांना भीती वाटली नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

तुला तिथे कठीण जाईल, ते मी लपवत नाही. आगगाडीने दोन दिवसांहून जास्त लागतात, म्हणजे सणावाराला उठून येणं होणार नाही. ताटात भात आणि मासे, तुला मासे आवडत नाहीत. भाषा कानावर नवी. जूनमध्ये तिथे साडेचारच्या सुमाराला उजाडतं आणि डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळून अंधार पडायला लागतो. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र लवकरचा. तिथल्या चहाच्या मळ्यांत म्हणूनच घड्याळ एक तास पुढे ठेवायची जुनी पद्धत आहे. पहिल्या हिवाळ्यात त्या अंधाराने तुला घराची फार आठवण येईल. तेव्हा फोन कर. रडायला आलं तरी कर. मी पाळीवर असलो तर आई उचलेल. आणि एक सत्र मनापासून करूनही नाहीच जमलं, तर बॅग उचलून सरळ घरी ये. इथे तुला कोणी काही विचारणार नाही, मी विचारू देणार नाही.

हिंजवडीतच राहायचं असेल तरी माझी ना नाही. ते काम तुला आवडत असेल, पुणं सोडवत नसेल, तर तसं म्हण. "मला जायचं नाही" एवढं वाक्य पुरे आहे. मी एक शब्द वर बोलणार नाही. पण ते तुझ्या नावावर म्हण. माझी शुगर त्यात घालू नकोस. मी तुझ्या आजीला काय दिलं ते मला माहीत आहे, आणि तिने ताम्हन पुसत ते कसं गिळलं तेही. मला तुझ्याकडून ते घ्यायचं नाही.

तुझ्या आईशी बोललोय. तिचे डोळे भरले, पण तिने स्वतःहून तुझे स्वेटर मोजले. दोनच आहेत म्हणाली.

माळ्यावरची मोठी निळी बॅग मी मघाशी खाली काढली. चेन थोडी अडकते, तिला मेणबत्ती घासून ठेवलीय. आतल्या कप्प्यात ती ग्राफची वही आहे, ती मी तशीच राहू दिली. बॅग तुझ्या खोलीच्या दाराशी ठेवतो. गुरुवारपर्यंत ती तिथेच राहील. नको असेल तर मला सांग, मी परत वर टाकेन.

डब्यात उद्या मेथीची भाजी आहे. आईने तुझ्यासाठी लसूण कमी घातलाय.

तुझा,
बाबा