विद्यापीठांनी आपले पदवीधर ओळखावेत : उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्यातील विद्यापीठांनी आपल्या कर्तृत्ववान पदवीधरांचा गौरव करण्याची पद्धत.

महोदय,

सादर नमस्कार. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या चौघांची नावे मी दरवर्षी माझ्या वर्गात विचारत असे. महादेव गोविंद रानडे हे नाव बहुतेकांना येई, रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे थोड्यांना. बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही उरलेली दोन नावे बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला सांगता आली नाहीत. मोडक शिक्षकी पेशात गेले, मुख्याध्यापक झाले, प्रार्थना समाजाच्या कामात राहिले. आणि शाळेत आयुष्य घालवणाऱ्यांच्या वाट्याला जे विस्मरण येते, ते त्यांच्याही वाट्याला आले. मी एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता हे कबूल करतो. परंतु आपल्या विद्यापीठांना आपलेच पदवीधर ठाऊक नसतात, ही माझी तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि निवृत्तीनंतर ती आपल्यापर्यंत पोहोचवण्यास सवड मिळाली आहे.

विद्यापीठे गौरव करतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ १० फेब्रुवारीला, आपल्या वर्धापनदिनी, जीवनसाधना गौरव पुरस्कार देते. मानद पदवीची सोयही आहे. माझा आक्षेप आहे तो हे गौरव ज्या वाटेने ठरतात त्या वाटेवर, आणि ते बहुतेक वेळा ज्या उशिराने पोहोचतात त्या उशिरावर.

धोंडो केशव (अण्णासाहेब) कर्वे यांचेच पाहा. १८८४ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. त्यांना मानद डी.लिट. प्रथम दिली ती काशीच्या बनारस हिंदू विद्यापीठाने, १९४२ साली. नंतर पुणे विद्यापीठाने १९५१ साली दिली. ज्या मुंबई विद्यापीठाचे ते पदवीधर, त्याने त्यांना मानद एलएल.डी. दिली १९५७ साली, म्हणजे पदवीनंतर ७३ वर्षांनी आणि वयाच्या ९९व्या वर्षी. पुढच्याच वर्षी भारतरत्न आले. अण्णांना दीर्घायुष्य लाभले म्हणून विद्यापीठाची लाज राहिली, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ सालचे मुंबई विद्यापीठाचे बी.ए.; पुढे ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. त्यांना मानद पदवी दिली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली. मुंबई विद्यापीठाची मानद पदवी त्यांना हयातीत मिळाली नाही.

ही मोठी माणसे होती. त्यांच्या मोठेपणात अशा पदव्यांनी भर पडली नसती आणि त्या न मिळाल्याने उणेपणाही आला नाही. हानी झाली ती दुसऱ्या बाजूची. आपल्याच वर्गात बसून गेलेला माणूस काय करतो आहे, याकडे विद्यापीठाचे लक्ष नव्हते, आणि म्हणून त्या वर्गात नंतर बसलेल्या मुलांनाही ते वेळेवर कळले नाही.

या संदर्भात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती कमला सोहोनी यांची हकीकत. माहेरच्या त्या भागवत. दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्‌सी. केले आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही, आणि अखेर अटी घालून का होईना त्यांना घ्यावे लागले. १९३९ साली केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले, नीरेसारख्या गरिबाला परवडेल अशा पेयातील पोषक घटकांवर संशोधन केले, आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. एवढे सारे होऊनही त्यांचे नाव विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही. उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला, आणि त्या सत्काराच्या प्रसंगीच त्या कोसळल्या; त्यानंतर थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो, आणि कमलाबाईंचे नाव मला प्रथम कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर. माझ्या शिक्षणाच्या सहा वर्षांत ते नाव माझ्या कानावर कोणी घातले नव्हते.

आता कायद्याकडे वळतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये पदवीधराला जागा आहे : नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) असतात. विधान परिषदेतही पदवीधर मतदारसंघाच्या सात जागा आहेत आणि त्यांच्या मतदार याद्या प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होतात. निवडणूक जवळ आली की अर्ज घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरतात; पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत मागतात; निवडणूक संपली की पुन्हा सहा वर्षे त्या पदवीधराची कोणाला आठवण नसते. म्हणजे एका ठिकाणी पदवीधर हा मतदार आहे. दुसऱ्या ठिकाणी तो देणगीदार आहे. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या ज्या निकषांवर आपली विद्यापीठे गेली काही वर्षे मूल्यांकनाला सामोरी गेली, त्यांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे. पण त्यातला मोजता येण्याजोगा भाग म्हणजे त्यांनी पाच वर्षांत किती लाख रुपये दिले. माजी विद्यार्थी मेळाव्यांच्या आमंत्रणपत्रिका त्या सुमारास अधिक आपुलकीच्या भाषेत का येतात, याचे उत्तर मला त्या तक्त्यात सापडले.

देणग्यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. नंदन निलेकणी यांनी २०२३ साली मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. मुकेश अंबानी यांनी २०२५ साली आपल्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला, प्रा. एम. एम. शर्मा यांना गुरुदक्षिणा म्हणून, १५१ कोटी रुपये जाहीर केले. गुरूच्या नावाने एवढे द्यावेसे वाटणे ही त्या शिक्षकाच्या थोरवीची साक्ष आहे. पण दात्याचे आभार मानणे आणि पदवीधराचा गौरव करणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच व्यासपीठावर, एकाच शालीने ती उरकली की पाहणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरे काम दिसतच नाही. दात्यांसाठी वेगळा दिवस ठेवावा, हवे तर इमारतीला नाव द्यावे. गौरवाच्या यादीत मात्र देणगीचा उल्लेखही नसावा.

मग यादीत कोण असावे? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण घेतो. प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे, अभय बंग आणि राणी बंग, रवींद्र कोल्हे हे सारे तिथले डॉक्टर. आमटे दांपत्य हेमलकशाला गेले, बंग दांपत्य गडचिरोलीला, कोल्हे मेळघाटात बैरागडला. बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला, आणि तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज त्यांची नावे घरोघरी माहीत आहेत. मॅगसेसे आणि पद्म पुरस्कारांनी ते काम केले. विद्यापीठाने त्या पुरस्कारांनंतर त्यांना हार घातला तर त्यात विद्यापीठाचे शोधकार्य काय? त्याच महाविद्यालयातून निघून एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वीस-पंचवीस वर्षे टिकून राहिलेला, बदलीसाठी कोणाकडे न गेलेला डॉक्टर शोधणे, हे विद्यापीठाचे काम आहे. त्याला शोधायला वृत्तपत्रे येणार नाहीत.

माझी स्वतःची एक विद्यार्थिनी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गावोगावच्या विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी तपासते. तेथील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले आणि पोरे वर्षानुवर्षे तेच पाणी पीत राहिली की आधी दातांवर डाग येतात, पुढे हाडे वाकतात. ही बाई नुसता अहवाल पाठवून थांबत नाही. अहवालाची एक प्रत स्वतः ग्रामपंचायतीत नेऊन देते आणि हातपंपावर लाल रंग लागला की नाही हे पुढच्या खेपेला बघून येते. त्यासाठी तिला भत्ता मिळत नाही. तिचे नाव पुरस्कारासाठी पाठवू का, असे मी विचारले, तेव्हा तिने विचारले, “सर, त्यासाठी मलाच अर्ज करावा लागेल का?” मी माहिती काढली. करावा लागणार होता : स्वतःच्या कार्याचा प्रस्ताव, छायाचित्रे, कात्रणे, तीन प्रतींत. तिने नको म्हटले, आणि मला तिचा अभिमान वाटला.

आपल्याकडे बहुतेक पुरस्कारांची ही रीत होऊन बसली आहे. ज्याला काम करायचे असते त्याला फाइल करायला वेळ नसतो आणि ज्याच्याकडे फाइल जाडजूड असते त्याच्या कामाविषयी शंका घ्यावी, असा माझा अनुभव आहे. यास्तव माझी पहिली विनंती अशी की विद्यापीठांच्या अशा गौरवासाठी स्वतःचा प्रस्ताव स्वतः देण्याची पद्धत बंद व्हावी आणि नाव सुचवण्याचा अधिकार महाविद्यालयांना, त्या व्यक्तीच्या सहाध्यायांना आणि ज्या गावात तिने काम केले त्या गावाला असावा. निवड समितीने त्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे. एका वर्षात पाचच नावे झाली तरी चालतील, पण त्यांतली निम्मी तरी अशी असावीत की ज्यांच्याकडे कोणतेही मोठे पद नाही. निवृत्त कुलगुरू, आमदार, सनदी अधिकारी हेही पदवीधरच आहेत. परंतु त्यांच्या पदानेच त्यांचा पुरेसा सत्कार केलेला असतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. आज पदवी डिजिलॉकरमध्ये सापडते, पण पदवी घेतलेला माणूस सापडत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पदवीधरांची नोंदवही ठेवावी, तीत त्यांनी पुढे काय केले याच्या दोन-चार ओळी असाव्यात, आणि दर पाच वर्षांनी ती अद्ययावत व्हावी. माझ्या महाविद्यालयात ग्रंथपालांनी हे काम हौसेने काही वर्षे केले होते. ते निवृत्त झाले आणि वही कपाटात गेली. हौसेवर अवलंबून असलेल्या कामाचे असेच होते.

समारंभाविषयीही लिहिले पाहिजे. एका विद्यापीठाच्या अशा कार्यक्रमाला मी श्रोता म्हणून हजर होतो. पाहुणे दीड तास उशिरा आले. स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांचे भाषण यांत दुपार झाली. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता, त्या वयोवृद्ध शिक्षिकेला शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटे मिळाली. त्यांतले एक मिनिट ध्वनिक्षेपकाने खाल्ले. मानपत्रातली वाक्ये कोणाच्याही मानपत्रात शोभली असती. मानपत्र लिहिणे ही आपल्याकडे एके काळी कला होती. त्या माणसाने नेमके काय केले, कोठे केले, कोणत्या अडचणीत केले हे त्यात असले पाहिजे, आणि ते लिहिण्याचे काम मराठी विभागाकडे सोपवले पाहिजे. गौरव दीक्षान्त समारंभातच व्हावा, कारण त्या दिवशी ज्यांना हे ऐकायला हवे ती हजारो मुले समोर बसलेली असतात. मुख्य भाषण गौरवमूर्तींपैकी एकाचे असावे. पाहुणे ऐकायला बसले तरी शोभेल.

यावर कोणी म्हणेल की प्राध्यापकांची पदे रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर वर्ग चालले आहेत, निकाल महिनोन्‌महिने लागत नाहीत. अशा वेळी सत्कारांचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप मला मान्य आहे. रिकामी पदे भरणे आणि हे पत्र यांत आपल्याला एकच गोष्ट करता येणार असेल, तर पदे भरा. पण या कामाला नवीन पद लागत नाही, इमारत लागत नाही, आणि लागणारा खर्च आज फलक व पुष्पगुच्छ यांवर होणाऱ्या खर्चापेक्षा फार असणार नाही.

विद्यापीठे स्वायत्त आहेत, तेव्हा शासनाने त्यांच्या निवडीत पडू नये, हेही मला कळते. म्हणून मी शासन निर्णय मागत नाही, पुरस्काराला कोणाचे नाव द्या असेही म्हणत नाही. आपण कुलगुरूंच्या बैठकीत हा विषय घ्यावा, स्वप्रस्तावाची अट काढण्याची आणि नोंदवही ठेवण्याची सूचना करावी, आणि आपल्या कार्यालयातून कोणत्याही निवड समितीकडे एकही नाव जाणार नाही असे त्याच बैठकीत जाहीर करावे. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे. दीक्षान्त समारंभ बहुधा हिवाळ्यात असतात. दिवाळीपूर्वी ही बैठक झाली तर याच वर्षी एखाद्या विद्यापीठाला सुरुवात करता येईल.

आपला नम्र,
एक नोंदणीकृत पदवीधर व निवृत्त प्राध्यापक