बाई, त्या दिवशी तुमचे बूट भिजले होते

प्रिय बाई,

विभागात सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात. सांगलीत वाढलेल्या माझ्या जिभेला ते जमलं नाही, म्हणून मनातल्या मनात तुम्ही बाईच. पत्र मराठीत आहे. अर्थ समोर बसून सांगेन.

अमेरिकेत इलिनॉयला शिकायला निघताना कन्सल्टन्सीवाला म्हणाला होता, "एकदा पोचा, असिस्टंटशिप पहिल्याच सेमिस्टरला मिळते." बाबांनी घर तारण ठेवलं. पोचल्यावर कळलं, आमच्याकडे टीएच्या, म्हणजे वर्ग घेऊन फी माफ होते त्या असिस्टंटशिपच्या, जागा आधी पीएचडीवाल्यांना, मास्टर्सवाल्यांना उरलंसुरलं. चाळीसेक प्राध्यापकांना मेल केले. तिघांनी 'नाही' कळवलं. त्यांचेही आभार, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. एक आपल्याकडचेच सर "ये कधीतरी" म्हणाले. तीनदा गेलो, तीनदा दार बंद. व्हिसावर सेमिस्टर चालू असताना काम कॅम्पसवरच, तेही आठवड्याला 20 तास. डायनिंग हॉलमध्ये ताटं विसळून भाडं सुटायचं, फीचं नाव नको.

डिसेंबरात तुमच्याकडे आलो तो पुढची फी हप्त्यांनी भरता येईल का, एवढंच विचारायला. तुम्ही गुणपत्रिका बघितलीत, गणिताचे पेपर मोजलेत आणि कोट चढवलात. मला वाटलं, ऑफिस बंद करताय. तुम्ही म्हणालात, "चल." बर्फातून पार गणित विभागापर्यंत. वाटेत माझं नाव दोनदा म्हणून घेतलंत आणि तिथे ते अगदी नीट उच्चारून सांगितलंत, "हा कॅल्क्युलसचे वर्ग घेऊ शकेल. पाच मिनिटं याचं ऐका."

पुढे इंग्रजी बोलण्याची परीक्षा वगैरे रीतसर झालं. तास तेवढेच, 20. पण ट्यूशन माफ आणि वर महिन्याचा पगार. फोनवर बाबा जरा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "म्हणजे कर्जाचा पुढचा हप्ता उचलायचा नाही ना?"

सल्ला देणारे मला ढिगाने भेटले. लिंक पाठवतात, फॉर्मचा नंबर सांगतात. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा. पण माझ्यासाठी खुर्चीवरून उठलेलं माणूस त्या चार महिन्यांत एकच. आणि ते तुमचं कामही नव्हतं, तुमच्या विभागाची जागाही नव्हती.

परतल्यावर तुम्ही हीटरपाशी पाय धरलेत, तेव्हा दिसलं: ऑफिसातल्या पातळ बुटांतच आला होतात. मोजे ओलेचिंब. मी नुसता बघत राहिलो, थँक्यूसुद्धा म्हणालो नाही.

आईने सांगलीचं भडंग पाठवलंय. सोमवारी आणतो. तिखट आहे, शेजारी पाणी ठेवा.

तुमचा,
गणित विभागात उसना दिलेला विद्यार्थी