स्लॅब मी थांबवलाय, रागावू नका

वेळणेश्वर

प्रिय आई-बाबा,

बाबा, आधी सांगून टाकते. अक्षय्य तृतीयेचा जोत्याचा स्लॅब मी थांबवलाय. मिक्सर परत पाठवला, माणसांना त्या दिवसाची मजुरी दिली आणि ठेकेदाराला सांगितलं की मी हो म्हटल्याशिवाय एक घमेलंसुद्धा पडणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. मुहूर्त गेला याचं तुम्हाला किती वाईट वाटेल ते माहितीये मला. पण भूमिपूजन गुरुजींनी काढून दिलेल्या दिवशीच झालंय ना, वास्तुशांतही तुम्ही म्हणाल त्याच दिवशी करू, मधलं हे एक काम थोडं पुढे गेलं तर चालेल असं मला मनापासून वाटतं.

झालं काय, आदल्या दिवशी संध्याकाळी मी जोत्यातल्या मातीच्या भरणीवरून फिरून बघत होते. वरून सगळं छान दिसत होतं, मुरूम सपाट केलेला, सळ्यांची जाळी बांधून तयार. न्हाणीच्या कोपऱ्यात पाय जरा दबल्यासारखा वाटला म्हणून गड्याकडून पहार घेतली आणि जाळीच्या चौकटीतून टोचून बघितलं. बाकी सगळीकडे दोन बोटंसुद्धा जात नव्हती, तिथे हातभर आत गेली, जोर न लावता. उकरायला लावलं तर खाली फणसाचा बुंधा. आजीचा कापा फणस. वरचं झाड तोडलं आणि बुंधा मुळांसकट तसाच ठेवून वर माती ढकलली यांनी. ते लाकूड आत कुजणार, माती खचणार, खाली पोकळी होणार आणि वरचा स्लॅब अधांतरी राहून तडकणार, शिवाय वाळवीला आयतं आमंत्रण, आणि हे सगळं नेमकं आईच्या न्हाणीखाली आणि तुमच्या खोलीखाली. एकदा काँक्रीट पडलं की मग खालचं कोणाला दिसणार होतं बाबा? आता बुंधा आणि हाताला लागतील तेवढी मुळं काढलीत.

ताईकडे २०२१ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हापासून तुम्ही म्हणताय की जोतं उंचच हवं, ते बरोबरच आहे, मी एक इंचही कमी करू दिलेलं नाही. पण जोतं जितकं उंच तितकी भरणी जास्त, आणि जास्त भरणी एकदम ओतून वरवर धुम्मस मारली तर आतून पोकळच राहते. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं, मग पुढचा थर, असं करायला हवं. त्या कोपऱ्यात सगळं उपसून तसंच करून घेतेय आणि समोर उभी राहून करून घेतेय.

सळ्यांचंही सांगते. जाळी बऱ्याच ठिकाणी खालच्या प्लास्टिकच्या कागदाला चिकटलेली होती, सळ्या उचलून धरणारे कव्हर ब्लॉक चारदोन कुठेतरी. आपल्याकडे दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरली की समुद्र. आयएस ४५६ मधे, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, किनाऱ्यावरच्या हवेसाठी एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळीभोवती ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर सांगितलंय, ते उगाच नाही. खारी हवा आत पोचली की लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की काँक्रीट फोडतं. नानाकाकांच्या पडवीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंयच. रेतीच्या ढिगातली चिमूट मी जिभेवर ठेवून बघितली तर खारट लागली, खाडीची रेती होती. ती सगळी परत पाठवली, आता क्रश सँड येतेय, दगड फोडून केलेली. थोडे पैसे वाढतील पण त्याची काळजी तुम्ही करायची नाही, मी आणि दादा बघतो.

आई, तुझ्यासाठी आता. विहिरीला आणि तुळशीला कोणी हात लावलेला नाही. वाळवीचं औषध मारायचंय ना स्लॅबच्या आधी मातीवर, ते विहिरीच्या बाजूला अजिबात मारायचं नाही असं इंजिनियरकडून लिहून घेतलंय. न्हाणीचा स्लॅब खाली घेतोय, म्हणजे टाईल लागली की खोलीतून न्हाणीत जाताना पायरी नाही, उंबरा नाही, रात्री दिवा न लावता गेलीस तरी ठेच लागणार नाही. पाइपात पाणी भरून ठेवलंय, गळतंय का ते बघायला. बंबाची जागा, पाटा-वरवंट्याची जागा, ओटीवरचा झोपाळा, सगळं तू दाखवलंस तिथेच. पुढे पायऱ्या आहेतच पण बाजूने उतारही करतोय, तुझ्या गुडघ्यांसाठी. जुनं घर पाडल्यापासून तू नीट झोपत नाहीस असं ताई म्हणाली. माझ्याही पोटात कालवतं गं. माजघराचे वासे आणि देवघराची चौकट जपून मांगरात ठेवलीय, चौकट नव्या देवघराला लावायचीच आहे.

पावसात शाळेत जाताना पाखाडीवर शेवाळ असायचं, तेव्हा बाबा तुम्ही आधी स्वतः पाय ठेवून बघायचात आणि मग मला म्हणायचात, "आता ये." त्या कोपऱ्यात पाय दबला तेव्हा मला तेच आठवलं आणि तिथेच बसून थोडी रडले.

बरं आता ऐका. जूनच्या आत स्लॅब होतोय, पावसाची धास्ती घेऊ नका, त्यावर आळी करून पाणी भरून ठेवायला दहा दिवस हातात राहतायत. बीपीची गोळी सकाळी न चुकता, ताईला विचारायला लावू नका. तिच्या जिन्यावरून दिवसातून दहा वेळा वरखाली करायचं नाही. एसटीने एकट्याने इकडे यायचं तर मनातसुद्धा आणू नका, या उन्हात. शनिवारी मी गाडी घेऊन येते, पहाटेच निघू, तुम्ही स्वतः सगळं फिरून बघा, कुठे पसंत नसेल तर सांगा, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच मिक्सर बोलावते. आईचा गुडघ्याचा पट्टा आणि तुमची टोपी बरोबर घ्या, पाण्याची बाटली मी आणतेय. आणि तोपर्यंत ठेकेदाराला फोन करायचा नाही, बाबा, प्लीज.

तुमची
चिमी