स्टेडियममधले उष्टे आणि पानगळीचा पाला

महोदय,

आयपीएलचा हंगाम आणि आपल्याकडची पानगळ जवळपास एकाच सुमारास येतात. एकीकडे स्टेडियममधून टनावारी ओला कचरा निघतो आणि दुसरीकडे रस्त्याकडेला झाडून ठेवलेला पाला कोणीतरी पेटवून देतो. ज्या पाल्यावाचून उष्ट्याचे खत होत नाही, तोच आपण जाळतो.

साधा हिशेब मांडू. वानखेडेवर सुमारे ३३ हजार प्रेक्षक मावतात. माणशी १०० ग्रॅम उष्टे धरले, तरी एका रात्रीत ३.३ टन होते. शिजलेल्या अन्नात ७०-८० टक्के पाणीच असते. त्याचा नुसता ढीग लावला, तर हवा कोंडते, आंबूस वास सुटतो आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून वजनाने तीन भाग उष्ट्याला साधारण एक भाग सुका पाला लागतो, म्हणजे ११०० किलो. सैल पाला घनमीटरला जेमतेम १०० किलो भरतो, तेव्हा हा ढिगारा झाला ११ घनमीटरांचा! सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो ऐनवेळी कुठून आणणार? फेब्रुवारीपासूनच गोण्या भरून कोरड्या जागी रचून ठेवायला हव्यात. पाला कमी पडला तर लाकडाचा भुसा चालतो, पण थोडाच. आणि प्लायवुडचा मुळीच नको, त्यात डिंक असतो.

मिश्रण मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब निघावेत. धार लागली तर आणखी पाला घालावा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडावे. ढीग किमान मीटरभर उंच हवा, नाहीतर आत उष्णता धरत नाही. ५५ अंशांवर सलग तीन दिवस गेल्याशिवाय रोगजंतू मरत नाहीत. कडेचा माल मध्ये यावा म्हणून ढीग उलटावा लागतो, आणि नेमके हेच काम टाळले जाते.

बायोगॅस प्रकल्प जवळ असेल तर उत्तमच. पण एका रात्रीचा सगळा माल सकाळी एकदम टाकीत ओतू नये. आम्ल साचते, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली घसरतो आणि मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. बंद पिंपांत ठेवून तीन-चार दिवसांत थोडा थोडा घालावा. हाडे, शहाळी आणि उसाच्या चिपाडाच्या ताटल्या टाकीत नकोत. ताटल्या खताच्या ढिगात जिरतात, टाकीत मात्र तरंगत राहतात.

अर्थात हे सारे कचरा वेगळा आला तरच. सगळ्यात मोठा खलनायक म्हणजे सॉसची पुडी. ती उष्ट्यात दडते, वेचणाऱ्याच्या नजरेतून सुटते आणि यंत्रात तिचे तुकडे होऊन खतात उतरतात. पुड्या बंद करून स्टॉलवर पंपाच्या बाटल्या ठेवणे हा एवढा सोपा इलाज आहे. आतून प्लास्टिकचा थर असलेला कागदी पेला कुजत नाही, त्यामुळे कोणती भांडी वापरायची हे स्टॉलच्या करारातच लिहिलेले हवे.

ओल्या कचऱ्याचा डबा एकटा ठेवला की त्यात सगळेच पडते. ओला आणि सुका डबा जोडीनेच ठेवावा, शेजारी उरलेले पेय ओतायला जाळीची बादली. अर्ध्या भरलेल्या बाटल्या सुक्या कचऱ्याची वाट लावतात. डावांमधल्या वीसेक मिनिटांत आणि सामना सुटताना प्रत्येक जोडीपाशी एक माणूस उभा हवाच. एरवी नसला तरी चालेल.

न विकलेले, हात न लागलेले अन्न हा निराळा विषय, ते उष्ट्यात मोजूच नये. अशा अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे विनियम आहेत. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिले तरच ते देण्याजोगे. सामना रात्री साडेअकराच्या सुमारास संपतो. त्या वेळी फोन लावून कोणी येत नाही, संस्था आणि गाडी आधी ठरवावी लागते. शिवाय दुसऱ्या डावाच्या निम्म्या षटकांनंतर नवा घाणा काढूच नये, फक्त शिल्लक विकावी.

२०१६ च्या घनकचरा नियमांनीच रोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या स्टेडियमना मोठे कचरा निर्माते ठरवले होते. परवानगी देताना पालिकेने एवढी अट घालावी: फाटकावर वजनकाटा ठेवावा आणि स्वयंपाकघरातला कचरा, न विकलेले अन्न व ताटातले उष्टे यांची नोंद वेगवेगळी करावी. उद्यान विभागाच्या पाल्याच्या गाड्या कोणत्या स्टेडियमकडे वळवायच्या, हे जानेवारीतच ठरावे.

— ओल्या कचऱ्यावर काम करणारे काही वाचक, पुणे