इफिसहून पत्र

सेल्चुक, तुर्कस्तान
१४ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इफिस, म्हणजे इथल्या प्राचीन ग्रीक-रोमन शहराचे अवशेष, एकदाचे पाहून झाले. चालून चालून पोटऱ्या भरून आल्यात, पण तुला लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

सेल्ससच्या ग्रंथालयाचे फोटो तू पाहिलेच असशील. मी रमलो तो नाट्यगृहात. डोंगराच्या उतारावर बांधलेलं, पंचवीसेक हजार माणसं बसतील एवढं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ज्या दंगलीची हकिकत आहे, ती इथलीच. इ.स. ५० नंतरच्या दशकात ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल या शहरात दोन वर्षांहून जास्त राहिला. हातांनी घडवलेले देव हे देव नव्हेत, असं तो सांगत फिरायचा. इथल्या अर्तमी (आर्टेमिस) या ग्रीक देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय त्यावर खवळला. आपला धंदा बसणार, असं सांगून त्याने सगळे कारागीर गोळा केले. जमाव या नाट्यगृहात घुसला आणि दोन तास 'इफिसकरांची अर्तमी थोर!' असा घोष चालला. शेवटी नगराच्या चिटणीसाने समजूत घालून सगळ्यांना घरी पाठवलं. तिथल्या पायरीवर बसल्यावर मला देमेत्रियाचा राग येईना रे. देवळावर पोट असलेली माणसं आपण लहानपणापासून पाहत आलोय.

त्या अर्तमीचं मंदिर जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज पाणथळ जागेत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे.

पण मला ओढ होती ती त्या पहिल्या ख्रिस्ती मंडळींची. त्यांचं इथे काहीच सापडत नाही. पौल स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरायचा आणि तुरन्न नावाच्या माणसाच्या शाळेत बोलायचा. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोच्या घरात प्रार्थनेला माणसं जमायची. ना देऊळ, ना दगडावर कुणाचं नाव.

जे ख्रिस्ती अवशेष डोळ्यांत भरतात, ते सगळे सत्तेचं पाठबळ मिळाल्यानंतरचे. इथे सापडलेल्या एका शिलालेखात देमेआस नावाचा माणूस अभिमानाने सांगतो, की अर्तमीची फसवी मूर्ती हटवून त्याने तिथे क्रूस उभारला. मला ते वाचून वाईट वाटलं. ज्यांच्या अंगावर एके काळी जमाव धावून आला होता, त्यांचेच वारस दुसऱ्याची मूर्ती काढल्याचा लेख कोरून ठेवतात.

येशूची आई मरिया हिच्या चर्चमध्ये मात्र मी गप्पच झालो. लांबच लांब भग्न भिंती, आणि एका बाजूला बाप्तिस्म्याचं कुंड. पायऱ्या उतरून माणूस त्यात शिरायचा. इ.स. ४३१ मध्ये सम्राट दुसऱ्या थिओडोसिअसने बोलावलेली धर्मपरिषद याच चर्चमध्ये भरली, असं मानतात. मरियेला 'देवाची माता' म्हणायचं की नाही, हा वाद. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरिअस म्हणत होता, तसं म्हणू नये. अँटिओककडचे बिशप वाटेतच होते, तरी अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने कामकाज सुरू केलं आणि नेस्टोरिअसला दोषी ठरवून पदावरून काढलं. प्रश्न श्रद्धेचा होता हे खरं, पण बाकीच्यांसाठी थांबायला काय हरकत होती?

आता तुझ्या गावाची गोष्ट. नेस्टोरिअसच्या बाजूला रोमन साम्राज्यात थारा उरला नाही. पर्शियातल्या चर्चने मात्र पुढे त्याला मान दिला. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की 'कल्लिआना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे इथे ज्या वादात फाटाफूट झाली, त्यातली एक वाट समुद्रावरून थेट तुमच्या खाडीपर्यंत आली असणार! आपण इतकी वर्षं दुर्गाडीवर जाऊन बसतो, आणि हा विषय आपल्या बोलण्यात कधी आला नाही.

तुझ्याकडे कोकणातल्या जुन्या बंदरांवरची पुस्तकं आहेत ना? त्यात कल्याणच्या या ख्रिस्ती वस्तीबद्दल काही सापडलं तर लगेच कळव, मी आल्यावर दोघं मिळून वाचू.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश