शंभर टक्के निकालात न मोजलेली मुले: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आमच्या वसईत नाक्यानाक्यावर फ्लेक्स चढतात. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' ही ओळ त्यांतल्या अनेकांवर असते, आणि असे कितीतरी फ्लेक्स आमच्या कॅथलिक संस्थांच्या शाळांचे असतात. मी अशाच एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. या शाळांनी काय दिले ते मला ठाऊक आहे, मीही त्यांच्याच बाकांवर शिकले. म्हणूनच आपल्याकडे एक मागणी करते आहे. दहावीचा शाळानिहाय निकाल जाहीर करताना परीक्षेला किती मुले बसली यासोबत, आदल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतली उरलेली कुठे गेली, हेही मंडळाने छापावे.

कारण ती उरलेली मुले कुठे जातात हे प्रत्येक शिक्षकखोलीत माहीत असते. नववीचा निकाल तयार होत असताना गणितात, इंग्रजीत कच्च्या असलेल्या मुलाच्या पालकांना ऑफिसात बोलावणे जाते. कोणी आवाज चढवत नाही, लेखी काही देत नाही. "दहावी त्याला झेपायची नाही. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, वर्ष तरी वाचेल." सतरा नंबर म्हणजे शाळेबाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा अर्ज. समोर बसलेली आई धुणीभांडी करून आलेली असते, बाप वीटभट्टीवरून किंवा वाडीतून. फादर सांगतात, सिस्टर सांगतात, म्हणजे भल्यासाठीच सांगत असतील, असे धरून ते सही करतात. रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याचे कारण लिहिले जाते: पालकांच्या विनंतीवरून.

वर्ष वाचेल हे खरे नाही. शाळेतून नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसून मूल एखाद्या विषयात राहिले, तरी २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा आहे. दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीचे दार उघडे आहे. सतरा नंबरच्या फॉर्मने मुलाला जास्तीचे काही मिळत नाही. उलट रोजचा वर्ग जातो, वही तपासणारी बाई जाते, बरोबरीची मुले जातात आणि खाजगी विद्यार्थी म्हणून एकट्याने अभ्यास करावा लागतो. फायदा शाळेला होतो. मंडळ नियमित आणि खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा मोजते, त्यामुळे ते मूल शाळेच्या टक्केवारीतून बाहेर पडते. समजा नववीत साठ मुले होती, आठांना दाखला दिला, बावन्न बसली आणि सगळी पास झाली. फ्लेक्सवर शंभर टक्के. साठांवर मोजले तर ८६.६७.

नववीत नापास झालेल्यांना फेरपरीक्षेची सोय सरकारने केली, कारण हा प्रकार मंत्रालयापर्यंत पोहोचला होता. पण मोजमाप तेच राहिले आणि शाळांची नजर मोजमापावर असते. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत. त्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याच्या बाहेर ठेवल्या. नववीतले मूल, आणि तेही आमच्या शाळेतले, अशा जागी उभे असते जिथे त्याच्या बाजूने बोलणारे कलमच नाही.

सगळीच मुले अशी ढकलली जात नाहीत, हेही सांगायला हवे. कुणाच्या वडिलांची बदली होते, कुणी गावी परततो, एखादी खेळाडू मुलगी स्वतःहून खाजगी बसते. म्हणून मी दंड मागत नाही, फोड मागते आहे: पटावर किती, नियमित किती बसले, दुसऱ्या शाळेत किती गेले, सतरा नंबरला किती, कुठेच नोंद नाही असे किती. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवर प्रत्येक मुलाची नोंद आहे. नवा कागद कुणाला भरायला नको.

टक्केवारीवर आपण सगळ्यांनी किती भार टाकला आहे, ते गेल्या काही वर्षांच्या आकड्यांतच दिसते. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांचे अंतर्गत गुण काढले आणि तो ७७.१० वर आला. गुण परत दिले, २०२० मध्ये तो ९५.३० झाला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५. शाळा त्याच, शिक्षक तेच, खडू-फळा तोच. बारा टक्के घसरण आणि अठरा टक्के उसळी यांत कुठल्याही वर्गातले शिकवणे बदलले नव्हते. तरी ७७.१० च्या वर्षी शिक्षकांना बोल लावले गेले आणि पुढच्या वर्षी त्याच शाळांचे पेढे वाटले गेले.

मंडळाच्या पत्रकार परिषदेतही हेच चालते. २०२५ मध्ये कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी पहिला आणि नागपूर ९०.७८ टक्क्यांनी शेवटचा, हे दिवसभर वाहिन्यांवर फिरत होते. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत, नागपूर विभागात गडचिरोलीसुद्धा येते. अशी शर्यत लावून गडचिरोलीच्या मुख्याध्यापकाला आपण काय सांगतो आहोत? आणि वीस मुलांच्या वर्गात एक मूल नापास झाले की पाच टक्के जातात. लहान शाळा त्या एका मुलाला घाबरायला लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आमच्या घरातले बोलते. कॅथलिक शाळांना हे अधिक लागू आहे, कारण आम्ही काही वेगळे असल्याचा दावा करतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात गरिबांची आणि कुटुंबाचा आधार नसलेल्या मुलांची विशेष काळजी घ्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. आणि लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जातो. आमच्या काही शाळांनी ते एक मेंढरू कळपातून काढून बाकीच्यांचे शंभर टक्के केले आहेत. रविवारी मिस्सामध्ये हा उतारा वाचला जातो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दाखला घेऊन फाटकाबाहेर जाणारी मुले येतात.

कोणी म्हणेल, अल्पसंख्याक संस्थांच्या कारभारात सरकारने हात घालू नये. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाचा हक्क मलाही प्राणप्रिय आहे. पण केरळ शिक्षण विधेयकावर १९५८ मध्ये मत देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की कारभार चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. पुढे १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात, म्हणजे आमच्याच जेझुइट धर्मसंघाच्या कॉलेजच्या खटल्यात, संस्थेच्या बाजूने निकाल देतानाही हेच तत्त्व कायम राहिले. किती मुले आली आणि किती पोहोचली हे सांगायला लावणे म्हणजे संस्थेच्या कारभारावर घाला नव्हे. आमच्या बिशपांना आणि संस्थाचालकांनाही माझी विनंती आहे की त्यांनी शासन निर्णयाची वाट पाहू नये. येत्या निकालाला नववीच्या पटासह आकडे स्वतःच फलकावर लावावेत.

फ्लेक्सबद्दल आणखी थोडे. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहायचा तर बैठक क्रमांकासोबत आईचे नाव टाकावे लागते. निकाल त्या मुलाचा आणि त्याच्या घराचा आहे, हे मंडळाने मान्य केले आहे. मग तोच निकाल फोटो, नाव आणि टक्क्यांसह चौकात, नगरसेवकाच्या फोटोखाली कसा जातो? अख्ख्या वर्गाच्या गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कशी पडते? पालकसभेत गुण मोठ्याने का वाचले जातात? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ती मागणारा साधा अर्ज मी कुठल्याही शाळेत पाहिलेला नाही. पहिल्या आलेल्या मुलाचे कौतुक जरूर व्हावे, त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारून.

पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन या सरकारी चाचण्यांचीही गत याच वळणावर जाते आहे. मूल कुठे अडकले हे शोधण्यासाठी त्या चाचण्या आहेत. शिक्षक गुण सरकारी चॅटबॉटवर भरतात, पण त्यांना खरी गरज असते ती वेगळ्याच माहितीची: अपूर्णांकांची बेरीज अर्ध्या वर्गाला का आली नाही, हातचा कुठे चुकतो, शाब्दिक उदाहरणात भाषा अडते की गणित. ते प्रश्ननिहाय विश्लेषण आठवड्याभरात वर्गात परत यावे आणि केंद्राकेंद्रांच्या, शाळाशाळांच्या तुलनेसाठी ते वापरू नये, असा आदेश आपण द्यावा. ज्या दिवशी त्यावर शाळेची क्रमवारी लागेल, त्या दिवसापासून मुलांना उत्तरे सांगितली जातील.

पुढच्या निकालाच्या पत्रकार परिषदेत शंभर टक्के निकालाच्या शाळांची संख्या सांगितली जाईल. त्या यादीसमोर नववीच्या पटाचा एक रकाना जोडण्याची सूचना आपण मंडळाला आत्ताच, नवीन वर्गांचे पट तयार होण्याआधी द्यावी, म्हणजे या मे महिन्यात दाखला देण्यापूर्वी मुख्याध्यापक थांबून विचार करतील.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
वसई, जि. पालघर