कांद्याला वाट मोकळी, मजुराला झोनबंदी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घुसखोरीवर आपल्या वृत्तपत्रात सध्या पत्रे येत आहेत. त्यातल्या काहींनी स्वतःला खुल्या बाजारपेठेचे पुरस्कर्ते म्हणवून घेत अमेरिकेतल्या बेकायदा स्थलांतरितांच्या धरपकडीला शाबासकी दिली आहे. खुल्या बाजारपेठेचे नाव घेतले, म्हणून हे लिहितो.

निफाड तालुक्यातली आमची पिढी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडली. उसाची झोनबंदी (ऊस ठरवून दिलेल्याच कारखान्याला घालायची सक्ती) असो की डिसेंबर २०२३ची कांदा निर्यातबंदी, आमचे भांडण एकच: माझा माल मी कुठे विकायचा हे सरकारने ठरवू नये. मजुराजवळ विकायला घामच असतो. त्याच्या मालाला मात्र झोनबंदी चालते, हे कोणत्या न्यायाने?

अमेरिकेतल्या लिबर्टेरियन, म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी असावी म्हणणाऱ्या मंडळींतही यावर दोन तट आहेत. त्यांच्यातले एक विचारवंत हान्स-हर्मन हॉप यांचे म्हणणे असे की, सार्वजनिक रस्ते-जागा करदात्यांच्या मालकीच्या, तेव्हा कोणाला येऊ द्यायचे हे मालकांच्या वतीने सरकारने ठरवावे. हे पटले तर माझ्या द्राक्षबागेत छाटणीला कोणती टोळी यावी हेही उद्या सरकारच ठरवील. मग सातबारा माझ्या नावावर कशाला ठेवता? अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची अडचण जास्त खरी आहे. सरकार फुकट वाटप करत असेल तर येणाऱ्यांना दार सताड उघडे ठेवता येत नाही, असे ते म्हणत. कबूल. पण मग कुंपण रेशन दुकानाला घाला. कामाला कशाला?

‘कायद्याने या, रांगेत उभे राहा’ हा सल्ला ऐकायला बरा वाटतो. अमेरिकेत अकुशल कामगारांना नोकरीच्या आधारे कायमचे राहण्याचे परवाने मिळतात ते साऱ्या जगाला मिळून वर्षाला फार तर १०,०००. याला रांग म्हणायचे? तिथे १९४२ ते १९६४ ब्रासेरो नावाची योजना होती. मेक्सिकोचे शेतमजूर करारावर हंगामाला येत आणि परत जात. योजनेत खोट होतीच: मजूर एकाच मालकाला बांधलेला, त्यामुळे पिळवणूकही झाली. तरी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून परवाने वाढले (धरपकडही झाली, हे खरे) आणि चोरून येणारे फार कमी झाले. स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून योजना बंद केली. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तर मजुरी त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. मळेवाल्यांनी टोमॅटो तोडणीची यंत्रे आणली, आणि चोरवाटा पुन्हा वाहू लागल्या.

आपल्याकडचे उदाहरण तर दारातच आहे. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस विनाव्हिसा येतो, काम करतो. नाशिकच्या कितीतरी सोसायट्या रात्री त्याच्या भरवशावर झोपतात. त्याला कोणी घुसखोर म्हणत नाही, कारण त्याला दलाल आणि बनावट आधार कार्ड लागतच नाही. बांगलादेशी मजुराला दोन्ही लागतात. शस्त्रे, गुन्हेगार, बनावट नोटा अडवायला सीमेवर जवान हवेतच. पण त्यांची ताकद विटा वाहायला आलेल्या माणसामागे जाते.

आणि या तपासणीची झळ आपल्याच माणसांना बसते. परकीय नागरिक कायद्यात मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावरच असतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले आणि नंतर परत आणावे लागले. ते भारतीय होते. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनामुळे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधून उत्तर भारतीय कामगार रातोरात निघून गेले, तेव्हा कारखानदारांनी कोणाची वाट पाहिली हे त्या पत्रलेखकांनी वसाहतीत जाऊन विचारावे. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्यांना एकरी उक्ते देताना मीही कोणाचा दाखला मागत नाही, काम बघतो. उद्या तो तपासायची सक्ती आली तर ऑक्टोबर छाटणी तलाठ्याच्या सहीसाठी थांबेल, आणि ती सही फुकट मिळणार नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक